कुलूप वेगळं, शिक्का वेगळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग लेथवर चढवायची, ड्रॉइंगप्रमाणं बोअर मारायचा, फेसिंग करायचं आणि माल पुढं पाठवायचा, असं तीस वर्षं चाललंय. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मामांच्या नावानं मेल गेली. तेच लेटरहेड, तोच बिल नंबर, तीच रक्कम, खाली मामांच्या सहीचा स्कॅन. बदललेला होता तो फक्त बँकेचा खाते क्रमांक. गिऱ्हाइकानं बिनघोर पैसे भरले. चार लाखांच्या वरची ती रक्कम अजून परत आलेली नाही.

मामांनी मला बोलावून घेतलं. पहिलाच प्रश्न त्यांनी असा टाकला : "आरं, मी पीडीएफला पासवर्ड टाकत होतो की. कुलूप असताना बिल बदललं कसं?"

बिल बदललं नव्हतंच. भामट्यानं नवं बिल तयार केलं आणि त्यालाही पासवर्ड टाकला, तोच नेहमीचा, शॉपचा लँडलाइन नंबर. तो पासवर्ड त्याला मिळाला गिऱ्हाइकाच्या मेलबॉक्समधल्या जुन्या मेलमध्ये, कारण मामा बिल आणि पासवर्ड एकाच मेलमधून पाठवायचे. घराला कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकवावी, तसं ते झालं होतं. पण मामांनी पासवर्ड वेगळ्या फोनवरून कळवला असता, तरीही मूळ घोळ सुटला नसता. फाइल कुणाला वाचता येऊ नये हा एक प्रश्न, आणि फाइल खरोखर मामांनीच पाठवली आहे का हा अगदी निराळा प्रश्न. पासवर्ड फक्त पहिल्याचं उत्तर देतो, तेही अर्धवट. एका कामाचं साधन दुसऱ्या कामाला वापरलं म्हणून पैसे गेले.

ही दोन्ही कामं नीट करणारं एक साधन आहे. त्याचं नाव ग्नू प्रायव्हसी गार्ड, बोलताना सगळे जीपीजी म्हणतात. त्याला रंगीत बटणं नाहीत. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. मामांना ते शिकवताना मी जे सांगितलं तेच इथं मांडतोय.

सुरुवात कुलपापासून करू. अंबाबाईच्या देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. वरच्या फटीतून कुणीही काही टाकू शकतं. भाविक शुक्रवार पेठेतला असो की बेळगावाहून आलेला, पेटी विचारत नाही. एकदा आत पडलं की टाकणाऱ्यालाही परत काढता येत नाही. किल्ली ज्याच्याकडं, तोच उघडणार. आणि उघडल्यावर आतली नोट कुणी टाकली होती, हे पेटीला सांगता येत नाही.

जीपीजीत प्रत्येकाकडं किल्ल्यांची जोडी असते. एक जाहीर, एक खाजगी. जाहीर किल्ली म्हणजे तुमच्या नावाची दानपेटी. तिच्या हव्या तितक्या प्रती काढा आणि गावभर वाटा, कुणाच्याही हातात पडली तरी बिघडत नाही. त्या किल्लीनं कुणीही तुमच्यासाठी फाइल बंद करू शकतो. उघडता येते ती मात्र फक्त तुमच्या खाजगी किल्लीनं, आणि ती तुमच्या संगणकातून बाहेर जात नाही. म्हणून दोघांनी आधी भेटून गुप्त पासवर्ड ठरवायची गरजच उरत नाही. मामांच्या बाबतीत नेमका हाच दुवा कच्चा होता.

आज हे सोपं वाटतं, पण माणसाला ते सुचायला फार काळ लागला. हजारो वर्षं गुप्त लिपीचा नियम एकच होता : ज्या किल्लीनं बंद, त्याच किल्लीनं उघड, आणि ती किल्ली आधी पोचवायची कशी याची चिंता. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी जाहीर आणि खाजगी अशा वेगळ्या किल्ल्यांची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी ती गणितानं प्रत्यक्षात आणली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला आरएसए म्हणतात. ब्रिटनच्या गुप्त संदेश खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना हीच रीत १९७३ मध्येच सापडली होती, पण सरकारी गुपित म्हणून ती १९९७ पर्यंत बाहेर आली नाही. चोवीस वर्षं आपल्या शोधाबद्दल गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आरएसएमागची युक्ती अशी. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. पण नुसता गुणाकार दिला आणि त्या दोन संख्या शोधायला सांगितलं, तर तो हात टेकतो. ३,०७२ बिटांची (बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढाच अंक) किल्ली घेतली तर ही संख्या सुमारे ९२५ अंकी असते. अलीकडच्या जीपीजीत इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वेगळ्या गणितावरच्या, आकारानं बऱ्याच लहान किल्ल्या बनतात. तत्त्व तेच : जायला उतार, यायला कडा.

दानपेटीच्या उदाहरणात एक दुरुस्ती करायला हवी. हे गणित संथ आहे, त्यामुळं जीपीजी अख्खी फाइल त्यात घालत नाही. प्रत्येक फाइलसाठी ते एक नवी यादृच्छिक, एकदाच वापरायची किल्ली तयार करतं. फाइल त्या किल्लीनं बंद होते, बहुधा एईएस पद्धतीनं. दोन बेल्जियन संशोधकांनी रचलेली ही पद्धत अमेरिकेनं २००१ मध्ये अधिकृत मानक म्हणून स्वीकारली आणि ती अत्यंत वेगवान आहे. मग ती छोटी किल्ली तेवढी तुमच्या दानपेटीत पडते. म्हणजे पेटीत दागिने ठेवलेले नसतात, तिजोरीची किल्ली ठेवलेली असते. याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. एकच फाइल तिघांना पाठवायची तर तिजोरी एकच राहते, फक्त छोटी किल्ली तीन वेगवेगळ्या पेट्यांत पडते. ५० एमबीच्या ड्रॉइंगचे १५० एमबी होत नाहीत.

आता आज्ञा. हा लेख देवनागरीत असल्यानं त्या इथं उच्चाराप्रमाणं दिल्या आहेत. संगणकावर मात्र त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, आणि मोठ्या शब्दाआधी न विसरता दोन डॅश द्यायचे. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात ती खुली यंत्रणा, असलेल्या बहुतेक संगणकांवर जीपीजी आधीपासून असतं. विंडोजसाठी जीपीजीफोरविन नावाचा फुकट संच मिळतो. किल्ल्यांची जोडी बनवायला :

जीपीजी --फुल-जनरेट-की

ते किल्लीचा प्रकार विचारेल, जो आधीपासून सुचवलेला असेल तोच ठेवा. मुदत विचारेल, तिथं २ वर्षं द्या. मुदत संपत आली की खाजगी किल्ली वापरून ती वाढवता येते, आणि किल्ली हरवली तर निदान ती आपोआप बाद तरी होते. मग नाव आणि ईमेल. शेवटी पासफ्रेज, म्हणजे खाजगी किल्लीवरचं कुलूप. संगणक चोरीला गेला तर चोर आणि तुमची खाजगी किल्ली यांच्यामध्ये तेवढंच उभं असतं. जन्मतारीख नको. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजार होतात, आणि तेवढ्या तपासायला संगणकाला चहा प्यायचाही वेळ लागत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. पासफ्रेज देवनागरीत ठेवायचा मोह मलाही झाला होता. पण सगळ्याच संगणकांवर मराठी कीबोर्ड असेल याचा भरवसा नाही, म्हणून मराठीच शब्द रोमन अक्षरांत लिहा.

फाइल बंद करायला :

जीपीजी --एन्क्रिप्ट --रेसिपियंट घेणाऱ्याचा-ईमेल --रेसिपियंट स्वतःचा-ईमेल पगारपत्रक.एक्सएलएसएक्स

स्वतःचा ईमेल कशाला? दानपेटीत टाकलेलं टाकणाऱ्यालाही काढता येत नाही, म्हणून. मामांच्या ऑफिसमधल्या वहिनींनी पहिल्या महिन्यात पगारपत्रक फक्त सीएच्या किल्लीनं बंद केलं आणि मूळ फाइल पुसून टाकली. पगाराच्या दिवशी सीएंना फोन करून स्वतःचीच फाइल परत मागवावी लागली. तेव्हापासून दुसरा रेसिपियंट त्या आधी लिहितात.

उघडताना आज्ञेचं नाव डिक्रिप्ट, आणि त्याच्या आधी आउटपुट लिहून उघडलेल्या फाइलचं नाव द्यायचं. एक गोष्ट ध्यानात ठेवा : जीपीजी बंद केलेली नवी फाइल बनवतं, मूळ उघडी फाइल जागच्या जागी राहते. ती काढायचं काम आपलं. आणि बंद फाइलीवरूनही थोडंफार कळतंच. बाहेरचं नाव दिसतं, आकाराचा अंदाज येतो, ती कुणाच्या किल्लीसाठी बंद केलीय तेही सहसा दिसतं. "कामगार-कपात-यादी" असं नाव देऊन फाइल बंद केली तर अर्धं गुपित नावातच फुटलं.

इथपर्यंत आल्यावर मामा म्हणाले, "मग मी आता बिलं अशी पाठवली की झालं." नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकाची जाहीर किल्ली जाहीरच आहे. भामटाही तिच्यानं खोटं बिल बंद करून पाठवू शकतो. उलट एवढ्या पक्क्या कुलपातून आलं म्हणजे खरंच असणार, असा समज होऊन घात जास्त मोठा होईल. आपल्याकडं लोक हे ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात, म्हणून पुन्हा सांगतो : एन्क्रिप्ट केलेल्या फाइलला पाठवणाऱ्याचा चेहरा नसतो.

चेहरा सहीमुळं येतो. पण सही म्हणजे स्कॅन केलेलं चित्र नव्हे, ते चित्र कापून कशावरही चिकटवता येतं. शिवाजी महाराजांची पत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना माहीत आहे, की माथ्यावर "प्रतिपच्चंद्रलेखेव" अशी सुरू होणारी राजमुद्रा असते आणि मजकूर जिथं संपतो तिथं छोटा शिक्का : "मर्यादेयं विराजते". इथं मजकुराची मर्यादा झाली, याच्या पुढं कुणी अक्षर वाढवलं तर ते पत्राचं नव्हे. तेच मोर्तब. वरचा शिक्का हे पत्र कुणाचं ते सांगतो, खालचं मोर्तब ते किती आणि कुठवर ते सांगतं. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातली ही दोन कामं ध्यानात येत नाहीत. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकत्र करते, आणि नुसती शेवटाची नव्हे तर मधल्या प्रत्येक अक्षराची राखण करते.

कशी ते पाहा. आधी फाइलचा हॅश काढला जातो. हॅश म्हणजे अख्ख्या फाइलचा ठराविक लांबीचा अर्क. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत फाइल एका ओळीची असो की चित्रपटाएवढी, अर्क २५६ बिटांचाच निघतो, लिहिला तर ६४ चिन्हांचा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम हलला तरी साधारण निम्मे बिट उलटतात आणि अर्क ओळखू न येण्याइतका बदलतो. असे किती अर्क शक्य आहेत? ती संख्या ७८ अंकी आहे. त्यामुळं ठरवून तोच अर्क देणारी दुसरी फाइल बनवणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. मग या अर्कावर खाजगी किल्लीनं गणिती क्रिया केली जाते, आणि त्यातून निघते ती सही. तपासताना समोरचा माणूस तुमची जाहीर किल्ली वापरतो. दानपेटीत टाकायचं जाहीर किल्लीनं आणि काढायचं खाजगीनं. सहीत उलट : करायची खाजगीनं, तपासायची जाहीरनं. करणारा एकच, तपासणारं सारं गाव.

मग नुसता हॅश वेबसाइटवर लावला तर चालणार नाही का, असं विचारणारे भेटतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या वेबसाइटमध्ये घुसखोरांनी शिरून डाउनलोडची लिंक स्वतः छेडछाड केलेल्या प्रतीकडं वळवली होती. ज्याला लिंक बदलता येते, त्याला शेजारचा हॅशही बदलता येतो. खाजगी किल्ली मात्र त्या वेबसाइटवर नसतेच, त्यामुळं सही त्याला बनवता येत नाही. लिनक्सच्याच डेबियन, उबुंटूसारख्या यंत्रणा रोज जी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, उतरवून घेतात ती मागच्या मागं अशाच सहीनं तपासली जातात. आपल्याला दिसतही नाही.

बिलासाठी मी मामांना वेगळी सही करायला शिकवलं, म्हणजे मूळ पीडीएफला हात न लावता सहीची छोटी फाइल शेजारी बनते :

जीपीजी --आर्मर --डिटॅच-साइन बिल-११८.पीडीएफ

आर्मर म्हटल्यामुळं सही साध्या अक्षरांत येते, मेलमध्ये मोडत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही फाइली जातात. ज्याच्याकडं जीपीजी नाही त्यालाही बिल नेहमीसारखं उघडतं. तपासायचं असेल त्यानं व्हेरिफाय म्हणून आधी सहीच्या फाइलचं आणि मग बिलाचं नाव द्यायचं. उत्तर येतं "गुड सिग्नेचर" आणि पुढं नाव, किंवा येतं "बॅड सिग्नेचर".

बॅड आलं म्हणजे लगेच चोर शिरला असं नव्हे, हे मात्र सांगायला हवं. मामांनी पहिल्याच आठवड्यात एका कास्टिंगचा फोटो सही करून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि समोरून बॅड सिग्नेचरची बोंब आली. व्हॉट्सॲप फोटो आकसवतं. डोळ्यांना फोटो तोच, पण आतले बाइट बदललेले, आणि सही बाइटांवर असते. तीच वस्तू डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते. एक्सेलची फाइल नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी हेच होतं. नाव बदललं तर मात्र काही होत नाही, कारण वेगळी सही नावावर नसते, आतल्या मजकुरावर असते.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलही बोलू. ते २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्टेड आहे, मग हा खटाटोप कशाला? वाटेत ते सुरक्षित आहे, खरंच आहे. पण फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडल्यावर फाइल उघडी असते, आणि तिथून चार ग्रुपांत फिरली की मूळ कुणाची याचा पत्ता राहत नाही. जीपीजीची सही फाइलबरोबर फिरते. पेनड्राइव्हवर जाऊ दे, पाच वर्षांनी जुन्या डिस्कमधून निघू दे, तपासली की बोलते.

आता सगळ्यात नाजूक जागा. जीपीजी किल्ली बनवताना आधार कार्ड मागत नाही. मी आत्ता बसून तुमच्या नावाची, तुमच्या ईमेलची किल्ली बनवू शकतो आणि सगळीकडं वाटू शकतो. भामट्यानंही मामांच्या नावाची किल्ली बनवून खोट्या बिलावर सही केली, आणि गिऱ्हाइकानं तीच किल्ली खरी म्हणून ठेवून घेतली, तर "गुड सिग्नेचर" येणारच. गणित बरोबर, माणूस खोटा. बाकी सगळं संगणक सांभाळतो, पण ही किल्ली त्याच माणसाची आहे का हे माणसालाच बघावं लागतं.

त्यासाठी फिंगरप्रिंट असतो. हा किल्लीचाच छोटा अर्क, बहुतेक किल्ल्यांचा ४० चिन्हांचा, चार-चारच्या दहा गटांत छापलेला. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढीच चिन्हं. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटनी मामांना फोन लावला, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, तर स्वतःच्या वहीत पंधरा वर्षांपासून असलेल्या नंबरवर. मामांनी आपल्या स्क्रीनवरून वाचलं, त्यांनी आपल्या स्क्रीनशी ताडून पाहिलं. बी आणि डीचा गोंधळ होऊ लागला तेव्हा मामा "बी बटाट्याचा, डी डब्याचा" असं करत गेले. चार मिनिटं लागली. शेवटचे आठ अंक जुळले की बास, असं काही जण करतात. ते करू नका. शेवटची आठ चिन्हं जुळणारी खोटी किल्ली मुद्दाम बनवता येते, चाळीसच्या चाळीस जुळणारी नाही.

जुळलं की एलसाइन-की या आज्ञेनं त्या किल्लीवर आपल्यापुरती खूण करायची : मी स्वतः तपासली आहे. तोवर जीपीजी दर वेळी गुड सिग्नेचरच्या खाली बजावत राहतं, की ही किल्ली भरवशाच्या सहीनं प्रमाणित केलेली नाही. पुष्कळ लोक ती सूचना कटकट म्हणून सोडून देतात. माझ्या मते त्या खिडकीत येणाऱ्या सगळ्या ओळींत तीच ओळ सगळ्यात कामाची आहे.

कुलूप आणि शिक्का एकत्र हवे असतील तर एकाच आज्ञेत साइन आणि एन्क्रिप्ट दोन्ही लिहायचं. आधी सही होते, मग सहीसकट सगळं बंद होतं. त्यामुळं बाहेरच्याला सही कुणाची तेही कळत नाही. पण इथं एक बारीक फट राहते. मी मामांना सही करून, बंद करून "मला दर मान्य आहे" एवढंच लिहिलं. मामांनी ते उघडलं. आतलं सही केलेलं पत्र आता त्यांच्याकडं आहे, ते तिसऱ्या कुणासाठी पुन्हा बंद करून पाठवता येतं, आणि त्याला वाटेल मी त्यालाच लिहिलंय. जुनं सही केलेलं पत्र सहा महिन्यांनी पुन्हा पाठवलं तरी सही बरोबरच येणार. सहीत वेळ नोंदवलेली असते, पण ती सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून घेतलेली. म्हणून मजकुरातच कुणाला, कोणत्या तारखेला, कशाबद्दल ते लिहा. आपले जुने कारकून "राजश्री अमुक यांसी" असं आरंभीच लिहून टाकायचे. त्यामागं हाही एक व्यवहार होता असं मला वाटतं.

थोडं कायद्याबद्दल, कारण सीए आणि वकील मंडळी हमखास विचारतात. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात डिजिटल सहीची व्याख्या आहे आणि तीही किल्ल्यांची जोडी आणि हॅश याच पायावर आहे. पण कायद्याला अभिप्रेत असलेल्या सहीसाठी किल्लीमागं परवानाधारक प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. जीएसटी किंवा कंपनीचे फॉर्म भरताना यूएसबी टोकन लावतो ते हेच, आणि ऑनलाइन सातबाऱ्यावर दिसते ती डिजिटल सहीही त्याच जातीची. जीपीजीची सही गणितानं तितकीच भक्कम असली तरी सरकारी फॉर्मवर ती चालायची नाही. ती आहे दोन ओळखीच्या पक्षांमधल्या खात्रीसाठी. त्या सहीवर कोर्टात विसंबायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

हे साधन फुकट आहे, त्यामागंही एक हकीकत आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचा प्रोग्रॅम सामान्य माणसांसाठी खुला केला. तेव्हा तिथं भक्कम एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत होतं. प्रोग्रॅम इंटरनेटवरून देशाबाहेर गेला म्हणून त्यांच्यामागं चौकशी लागली आणि ती १९९६ च्या सुरुवातीला, खटला न भरता बंद झाली. मधल्या काळात प्रोग्रॅमचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला गेला, कारण पुस्तक देशाबाहेर न्यायला बंदी नव्हती. पुढं त्याचंच खुलं मानक झालं आणि ते धरून जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी १९९७ मध्ये जीपीजीची पहिली आवृत्ती आणली, १९९९ मध्ये १.०. त्यानंतर कितीतरी वर्षं ते मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर चाललं. उद्यमनगरातल्या छोट्या शेडमधल्या माणसाला तेच हत्यार एका पैशाच्या लायसन्सशिवाय मिळतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

राहिलं किल्ली सांभाळणं. जीपीजीत "पासवर्ड विसरलात?" असं बटण नाही. खाजगी किल्ली गेली किंवा पासफ्रेज विसरली, तर त्या किल्लीनं बंद केलेल्या फाइली गेल्या. त्या उघडून देणारं कुठलं ऑफिस नाही आणि कुणी कस्टमर केअरही नाही. मामांना हे पटवावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या सीएंच्या शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या ऑफिसात संगणक, बॅकअपची डिस्क आणि फायलींचं कपाट तिन्ही एकाच खोलीत होते. तिन्ही एकाच रात्री पाण्याखाली गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा निदान डिस्क वरच्या मजल्यावर होती.

म्हणून दोन गोष्टी बाहेर काढून ठेवायच्या. एक, खाजगी किल्लीची प्रत. एक्स्पोर्ट-सिक्रेट-कीज या आज्ञेनं ती मिळते, आर्मर जोडलं तर कागदावर छापण्याजोगी. तिच्यावर पासफ्रेजचं कुलूप कायम असतं, त्यामुळं पासफ्रेज त्याच पाकिटात लिहून ठेवू नका. दोन, रद्द करण्याचं प्रमाणपत्र. किल्ली बनते त्याच वेळी नवं जीपीजी ते आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवतं. किल्ली चोरीला गेली तर हे प्रमाणपत्र सगळ्यांना पाठवायचं, की ही किल्ली आता माझी नाही. चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्याच्या मुख्य ओळीच्या आरंभी मुद्दाम एक अपूर्णविराम घातलेला असतो. तो खोडल्याशिवाय ते लागू होत नाही. हा कागद ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या फाइली वाचता येणार नाहीत, पण किल्ली बाद करता येईल, म्हणून तोही जपूनच ठेवायचा.

मामांनी दोन्ही कागद छापले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि मामींच्या माहेरी पन्हाळ्याला नेऊन ठेवले, लोखंडी पेटीत, शेतीच्या कागदांबरोबर. पासफ्रेज त्यात नाही. ती मामांना पाठ आहे, आणि मामींना. गेल्या महिन्यात मामांनी खरोखरच बँक बदलली. नव्या खात्याचं पत्र सही करून पुण्याला पाठवलं, पाठोपाठ फोन केला. अकाउंटंट म्हणाले, "साहेब, गुड सिग्नेचर आलंय. तरी एकदा शेवटचे चार आकडे तोंडानं सांगा." मामांनी सांगितले.